गिऱ्हाइकाचा शब्द

दुकान मांडून बसणाऱ्याला माल ओळखतां आला पाहिजे आणि गिऱ्हाईक ओळखतां आलें पाहिजे, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांत तिसऱ्या एका गोष्टीची भर पडली आहे. गिऱ्हाइकाच्या तोंडचा शब्दहि आतां दुकानदाराला ओळखावा लागतो.

पूर्वीं गिऱ्हाईक रस्त्यानें चालत येई आणि पाटी वाचून आंत शिरे. पाटीवर चार अक्षरें कमी-जास्त झालीं तरी बिघडत नसे. कारण दाराशीं तळल्या जाणाऱ्या भज्यांचा वासच त्याला काय तें सांगून टाकी. आजचें गिऱ्हाईक घरीं बसून मोबाईल बाहेर काढतें, त्यावर दोन-चार शब्द लिहितें किंवा बोलतें, आणि त्या शब्दांना उत्तर म्हणून जीं पांच-सात नांवें समोर येतात तेवढींच दुकानें त्याच्या लेखीं गांवांत असतात. बाकीचीं दुकानें चार पावलांवर असलीं तरी नसल्यासारखींच. या दोन-चार शब्दांना इंग्रजींत ‘कीवर्ड’ म्हणतात. आपण त्यांना शोधशब्द म्हणूं. लहानशा धंद्यानें ते कसे निवडावे, याविषयीं आज मला आपल्याशीं चार गोष्टी बोलावयाच्या आहेत.

आपल्याकडे हें काम एकदम यंत्राच्या हातीं गेलें नाहीं. १९९६ सालीं मुंबईंत ‘जस्ट डायल’ ही सेवा सुरू झाली. फोन उचलून ‘घरीं येऊन मिक्सर दुरुस्त करणारा कोणी आहे का’ असें विचारावें आणि पलीकडच्या माणसानें चार नांवें व नंबर सांगावे, अशी ती सोय होती. गिऱ्हाईक कितीहि वेडेंवांकडें बोललें तरी पलीकडचा माणूस त्याचा आशय समजून घेई आणि यादींतलें योग्य सदर शोधून काढी. तो मधला समजूतदार कान आतां पुष्कळ अंशीं नाहींसा झाला आहे. यंत्रानेंहि बरीच समज मिळविली आहे हें खरें. वाक्यांतल्या शब्दांचा परस्परसंबंध पाहून प्रश्नाचा अर्थ लावण्याची नवी रीत गूगलनें २०१९ सालीं आपल्या शोधांत आणली. परंतु दुकानदारानें जें कोठेंच लिहून ठेविलें नाहीं, तें यंत्राला कळावें तरी कसें?

हा प्रश्न मला पुस्तकांतून सुचलेला नाहीं. तो माझ्या स्वतःच्या एका चुकींतून पुढें आला, आणि त्या चुकीची किंमत मला नव्हे, दुसऱ्या माणसाला द्यावी लागली. म्हणून ती हकीकत आधीं सांगतों.

आमची एक मावशी पुण्यांत सदाशिव पेठेंत राहते. काका गेल्यावर तिनें घरच्या घरीं जेवणाचे डबे करून देण्यास आरंभ केला. त्या भागांत अभ्यासिका पुष्कळ आहेत, आणि स्पर्धा-परीक्षांचा अभ्यास करणारीं मुलें महाराष्ट्राच्या नाना जिल्ह्यांतून येऊन तेथें राहतात. तेव्हां जेवणाराची उणीव नव्हती. पहिल्या वर्षीं ओळखीपाळखीवर पंचवीस डबे जात. त्या जोरावर तिनें मोठी शेगडी घेतली, हाताखालीं एक बाई ठेविली, आणि मला म्हणाली, “तूं एवढा शिकलेला, इंटरनेटवर आपलं नांव घालून दे.”

मीं मोठ्या उत्साहानें तें काम अंगावर घेतलें. ‘गृहनिर्मित सात्त्विक आहार-सेवा’ असें भारदस्त शीर्षक योजिलें. त्याखालीं ‘रुचकर’, ‘आरोग्यवर्धक’, ‘सर्वोत्कृष्ट’ हीं विशेषणें ओळीनें बसविलीं. तो मजकूर वाचून माझा मलाच अभिमान वाटला. पुढच्या दोन महिन्यांत त्यावरून एकच फोन आला. एका गृहस्थांना पित्ताचा विकार होता, आणि पंधरा दिवसांच्या पथ्याला खर्च किती येईल अशी त्यांची पृच्छा होती. इकडे जुन्या मुलांपैकीं कांहींच्या परीक्षा आटोपल्या व तीं गांवीं परतलीं. पंचवीसांचे चौदा डबे झाले, आणि ठेविलेल्या बाईचा पगार मावशीच्या अंगावर पडूं लागला. मावशी मला कांहीं बोलली नाहीं. ‘पुढच्या महिन्यापासून येऊं नकोस’ असें त्या बाईला सांगण्याची पाळी तिच्यावर आली होती, हें मला मागाहून कळलें.

एके दिवशीं मी तेथें बसलों असतां फोन वाजला. मावशी बोलून परत आल्यावर मीं विचारलें, “काय म्हणत होता?”

“विचारत होता, मेस चालू आहे का, आणि भाकरी असते का.”

मीं म्हटलें, “पण आपण मेस कुठें चालवतों? आपण तर डबे देतों.”

त्यावर ती म्हणाली, “आपण काय देतों तें आपल्याला ठाऊक आहे. त्याला काय म्हणायचंय तें बघ ना!”

त्या दिवसापासून आम्हीं फोनशेजारीं एक वही ठेविली. येणाऱ्या प्रत्येक माणसाचें पहिलें वाक्य, त्यानें जसें उच्चारलें तसेंच, शुद्ध न करतां तींत लिहावयाचें, एवढाच नियम. महिन्याभरांत सुमारें साठ वाक्यें जमलीं. त्यांत ‘आहार’ हा शब्द एकदांहि आला नव्हता. ‘सात्त्विक’ नाहीं, ‘सर्वोत्कृष्ट’ तर नाहींच. विद्यार्थी ‘मेस’ म्हणत होते. त्यांच्या आया गांवाहून चौकशी करीत, त्या ‘घरगुती जेवण’ म्हणत. नोकरी करणाऱ्या मुली ‘टिफिन’ म्हणत. ‘खाणावळ’ हा शब्द साठीपुढच्या एका गृहस्थांनींच काय तो उच्चारला. मुंबईहून आलेला मुलगा ‘चपाती’ म्हणे, पुण्याचा ‘पोळी’ म्हणे, आणि सोलापूर, बीड, लातूर या बाजूचीं मुलें दर विचारण्याआधीं ‘भाकरी असते का’ हें विचारीत. कोणी ‘एका वेळचा डबा’ मागे, कोणी ‘रविवारीं संध्याकाळीं बंद असतें का’ असें विचारी, कोणाला डबा अभ्यासिकेवर पोंचवून हवा असे. मीं दोन महिने ज्या शब्दांच्या शोधांत डोकें शिणविलें, ते शब्द हीं मुलें रोज फुकट आणून देत होतीं.

येथें सुशिक्षित माणसाची एक खोड मला कबूल केली पाहिजे. लिहावयास बसलें कीं आपण बोलण्यांतला शब्द टाकून शोभेचा शब्द घेतों. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथ पंडितांनीं राज्यव्यवहारकोश रचून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. राज्याच्या कारभाराला स्वतःची भाषा असावी, हा त्यामागील हेतु थोर होता. परंतु पेठेंतलें दुकान ‘दुकान’च राहिलें, बाजार ‘बाजार’ राहिला, आणि हिशेबहि ‘हिशेब’च राहिला. भाषेची सेवा करावयाची ती अवश्य करावी. मीहि या भाषणांत यथाशक्ति करीत आहें. मात्र ‘भ्रमणध्वनि दुरुस्ती’ अशी नोंद करून बसलेल्या दुकानाला ‘मोबाईल रिपेअर’ शोधणारा मुलगा सांपडणें कठीण, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आतां या व्यवहारामागील शास्त्राकडे वळूं. केंब्रिज येथील कॅरन स्पार्क जोन्स या विदुषींनीं १९७२ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. कागदपत्रांच्या मोठ्या संग्रहांतून हवा तो कागद कसा काढावा, हा त्याचा विषय. त्यांतला विचार अगदीं साधा आहे: जो शब्द बहुतेक सर्व कागदांवर आढळतो, तो निवडीच्या कामीं जवळजवळ निरुपयोगी, जो थोड्याच कागदांवर आढळतो, त्याला वजन अधिक द्यावें. शोधयंत्रांच्या पुढच्या बांधणींत हा विचार मुळाशीं राहिला. आपल्या दुकानदारांना त्याचा अर्थ असा कीं, ‘उत्तम’, ‘दर्जेदार’, ‘विश्वसनीय’ हे शब्द सगळेच लिहितात म्हणून ते कोणालाच निवडूं शकत नाहींत. ‘ज्वारीची भाकरी’, ‘उपासाचा डबा’, ‘एका वेळचा मासिक डबा’ हे शब्द मात्र शंभरांतून दहा जणांना वेगळे काढतात. त्यांत ‘सदाशिव पेठ’ घातली कीं दहांचे तीन होतात. ‘पुण्यांतलें जेवण’ या शब्दांसाठीं मोठमोठीं हॉटेलें झुंजत असतात. तेथें मावशीच्या शेगडीचा निभाव लागावयाचा नाहीं, आणि तशी गरजहि नाहीं. तिला साऱ्या पुण्याचें जेवण करावयाचें नसून आणखी दहा-पंधरा डबे हवे आहेत.

दुसरी गोष्ट शोधणाऱ्याच्या हेतूची. आंद्रेई ब्रोडर यांनीं २००२ सालीं असें दाखवून दिलें कीं शोधणारे तीन प्रकारचे असतात: कांहींना माहिती हवी असते, कांहींना एका ठरलेल्या ठिकाणीं पोंचावयाचें असतें, आणि कांहींना एखादें काम उरकावयाचें असतें. ‘भाकरी कशी थापावी’ असें विचारणारी सून मावशीची गिऱ्हाईक नव्हे. ‘अमुक मेसचा पत्ता’ विचारणारा दुसऱ्याच्या दारीं निघालेला आहे. ‘मासिक डबा दर सदाशिव पेठ’ असें लिहिणारा मात्र खिशांत पैसे घेऊन बसलेला आहे. संख्येनें तो सर्वांत कमी, पण चूल त्याच्यावर चालते. शब्दांची यादी हातीं आली कीं प्रत्येक शब्दापुढें, हें म्हणणारा माणूस पुढें काय करणार, हा प्रश्न लिहावा. निम्मी यादी तेथेंच गळून पडेल.

तिसरी गोष्ट शब्दाच्या अनेक अर्थांची. ‘डबा’ म्हणजे आमच्या घरीं जेवण. परंतु भांडीवाल्याकडे तो स्टीलचा असतो, आगगाडीला तो जोडलेला असतो, आणि मुंबईच्या डबेवाल्यांविषयीं कुतूहलानें वाचणारे तर वेगळेच. पैसे देऊन जाहिरात करणाऱ्याला हा घोळ महागांत पडतो. कारण जाहिरातीवर कोणी बोट टेकविलें कीं सामान्यतः दुकानदाराच्या खात्यांतून पैसे जातात, मग आलेला माणूस डबा खाणारा असो वा विकत घेऊन त्यांत पीठ ठेवणारा असो. म्हणून गूगलच्या जाहिरातींत वर्ज्य शब्दांची वेगळी यादी देण्याची सोय आहे. ‘स्टील’, ‘रेल्वे’, ‘नोकरी’, ‘रेसिपी’ असे शब्द तींत घालावे. कोणतीं गिऱ्हाइकें नकोत हें ठरविणें, हाहि व्यापाराचाच भाग होय.

चौथी गोष्ट अक्षरांची. आपलीं मुलें मराठी बोलतात आणि मोबाईलवर पुष्कळदां रोमन लिपींत लिहितात. त्या लिपींत ‘डबा’ लिहितांना एक ‘बी’ कीं दोन, ‘खाणावळ’ लिहितांना ‘व्ही’ कीं ‘डब्ल्यू’, ‘भाकरी’च्या शेवटीं ‘आय’ कीं दोन ‘ई’, याला कसलाच नियम नाहीं. अशा पर्यायांपैकीं बरेचसे यंत्र स्वतः जुळवून घेतें. आपण एवढेंच करावें कीं मराठी मजकूर देवनागरींत द्यावा आणि प्रचारांतलीं एक-दोन रोमन रूपें जेवणाच्या यादींत सहज येतील तेथें येऊं द्यावीं. सगळीं रूपें एकाखालीं एक मांडून ठेवणें हें वाचणाऱ्याला वेडगळपणाचें दिसतें.

येथें एका लबाडीविषयीं सांगितलें पाहिजे. पूर्वीं वाचकाला न दिसणाऱ्या जागीं शब्दांची रास रचून ठेवण्याची रीत होती. पानाच्या अंतर्भागांत शोधशब्दांसाठीं एक खास रकानाच असे. त्याचा दुरुपयोग इतका झाला कीं आपल्या क्रमवारींत तो रकाना आपण विचारांत घेत नाहीं, असें गूगलनें २००९ सालीं जाहीर केलें. तरी आजहि तो रकाना भरून देण्याचे पैसे मागणारे लोक भेटतात; त्यांना नम्रपणें निरोप द्यावा. तीच गोष्ट नांवाची. नकाशावरील नोंदींत दुकानाच्या नांवाला ‘सदाशिव पेठेंतील सर्वांत स्वस्त मेस’ अशी शेपटी जोडणें नियमाविरुद्ध आहे. व्यवहारांत जें नांव चालतें, तेंच तेथें असावें लागतें, आणि नियम मोडणाऱ्याची नोंद स्थगित होऊं शकते. शब्द घालण्याच्या प्रामाणिक जागा पुष्कळ आहेत. धंद्याचा एक मुख्य प्रकार व आणखी नऊपर्यंत उपप्रकार निवडतां येतात. ७५० अक्षरांपर्यंत वर्णन लिहितां येतें. सेवांची व पदार्थांची यादी देतां येते. घरून धंदा करणाऱ्या आणि गिऱ्हाइकाला घरीं न बोलावणाऱ्या भगिनींना घराचा पत्ता झांकून केवळ सेवेचा परिसर दाखवितां येतो, हेंहि येथें सांगून ठेवतों. पुष्कळ जणी याच भीतीनें नोंद करीत नाहींत.

कोणी म्हणेल, एवढें केल्यावर आमचें नांव पहिलें येईल काय? तशी हमी कोणी देत असेल तर त्याच्यापासून दूर राहावें. स्थानिक शोधांत मुख्यत्वें तीन गोष्टी पाहिल्या जातात, असें गूगल सांगतें: विचारलेल्या शब्दांशीं नोंदीची सुसंगति, विचारणाऱ्यापासूनचें अंतर, आणि त्या धंद्याची प्रसिद्धि. अंतर आपल्या हातीं नाहीं. प्रसिद्धि हळूहळू, लोकांच्या अभिप्रायांतून येते. सुसंगति तेवढी आज संध्याकाळीं बसून सुधारतां येते, आणि शोधशब्दांचें सारें कार्य तेथेंच आहे.

शब्दांची मोजदाद करणारीं साधनेंहि उपलब्ध आहेत. गूगलच्या ‘कीवर्ड प्लॅनर’मध्यें कोणता शब्द महिन्याला सुमारें किती वेळां शोधला जातो तें दिसतें, ‘ट्रेंड्स’मध्यें दोन शब्दांची तुलना करतां येते. परंतु एका पेठेपुरत्या शब्दापुढें तेथें पुष्कळदां शून्य दिसतें, त्यानें निराश होऊं नये. मोठ्या तराजूवर चिमूटभर केशराचें वजन दिसत नाहीं. शिवाय रोज येणाऱ्या शोधांपैकीं सुमारें १५ टक्के शोध पूर्वीं कधींच झालेले नसतात, असें गूगलनेंच वेळोवेळीं सांगितलें आहे. म्हणजे कोणतीहि यादी पुरी होणारी नाहीं. आपण काय देतों, कोठें देतों, केव्हां देतों, कितीला देतों आणि काय देत नाहीं, हें साध्या वाक्यांत खरेंखुरें लिहून ठेविलें, तर न कल्पिलेल्या प्रश्नालाहि त्यांतून उत्तर निघूं शकतें.

आम्हीं तसेंच केलें. माझीं विशेषणें पुसून टाकलीं आणि वहींतून नवा मजकूर उतरविला: ‘सदाशिव पेठेंत घरगुती मेस व डबा. दुपारीं पोळी किंवा ज्वारीची भाकरी. एका वेळचा किंवा दोन वेळचा मासिक डबा. अभ्यासिकेवर पोंचवितों. एकादशीला व चतुर्थीला उपासाचा डबा सांगितल्यास मिळेल. रविवारीं संध्याकाळीं बंद.’ शेवटचें वाक्य मीं गाळावयास निघालों होतों; बंद असल्याची जाहिरात कशाला, असें मला वाटलें. मावशी म्हणाली, “राहूं दे. रविवारीं रात्रीं उपाशी राहिलेलं पोर सोमवारीं परत येत नाहीं.”

शोधशब्दांविषयीं मला जें कळलें आहे त्यांतलें सर्वांत मोलाचें तिच्या या एका वाक्यांत आहे. लिहिलेला शब्द गिऱ्हाइकाला आपल्या दारापर्यंत आणतो, आणि तेथें त्याला तीच वस्तु मिळाली नाहीं तर तोच शब्द त्याला चिडवून परत पाठवितो. भाकरी रोज होत नसेल तर ‘भाकरी’ लिहूं नये. लिहिली तर पहाटे उठून थापावी. आमच्या नोंदींत ‘भाकरी’ शब्द आला, त्या आठवड्यापासून मावशीच्या घरीं दुसरा तवा आला.

डबे एकदम वाढले नाहींत. तीन महिन्यांनीं ते एकवीस झाले, जूनमध्यें नवीं मुलें आलीं तेव्हां तीस झाले. कामाची बाई अजून येते, आणि आतां फोन बहुधा तीच घेते. वहीहि तीच लिहिते. गेल्या आठवड्यांत मीं ती चाळली तेव्हां शेवटच्या पानावर एक नवें वाक्य दिसलें: ‘रात्रीं अकराला अभ्यास संपतो, तेव्हां डबा मिळेल का?’ एकाच महिन्यांत तें चौघांनीं विचारलें होतें. मावशी अजून विचार करीत आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकीं कोणाचें शिवणकाम असेल, कोणाची पिठाची गिरणी असेल, कोणाच्या घरीं दिवाळीचा फराळ होत असेल. यंत्राकडे वळण्यापूर्वीं एक चार आण्यांच्या मोलाची सूचना करतों. फोनशेजारीं वही ठेवा, आणि येणाऱ्याचें पहिलें वाक्य जसेंच्या तसें लिहा.